पितळी पट्टीवरच्या ओळी

इथे अमेरिकेत, रेडमंडच्या आमच्या मराठी मंडळात कुणाच्या घरी जुना फोनोग्राफ निघाला की त्याचा फोटो माझ्या फोनवर येतो. "ताई, किती जुना असेल हो? आजोबांचा आहे." मी चष्मा शोधते, फोटो मोठा करते, आणि बहुतेक वेळा पहिल्या नजरेतच कळतं की आजोबांचा इथे काही संबंध नाही. लख्ख पिवळा कर्णा, पेटीवर ताजं पॉलिश आणि कर्ण्याच्या पायाशी अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू. असले कर्णे बनत होते त्या काळात तसले स्क्रू निघालेच नव्हते. आपल्याकडच्याच कुठल्या तरी बाजारात जुन्या-नव्या सुट्या भागांतून जोडलेलं ते यंत्र असतं आणि विमानात बसून इथे आल्यावर ते 'अँटिक' होतं. हे कळवायचं म्हणजे कुणाच्या तरी आजोबांना खाली उतरवायचं. तरी मी कळवते. हल्ली त्याचाही शीण येतो, बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही, गुडघे कुरकुरतात, पण कळवल्याशिवाय राहवत नाही. ही खोड मला कुठे लागली ते एकदा लिहून टाकायचं आहे.

स्टेट कॉलेज नावाच्या गावी मी पीएच.डी. करायला आले तेव्हा पहिलं वर्ष तिघींबरोबर एका अपार्टमेंटमध्ये काढलं. त्यातली स्वाती नागपूरची, आवाज खणखणीत, स्वभाव त्याहून खणखणीत. बाकीच्या दोघी सिंकमधल्या भांड्यांवरून आठवडाभर अबोला धरायच्या आणि त्यांचे निरोप एकमेकींना पोचवायचं काम माझ्याकडे असायचं. त्याला कंटाळून मी दुसऱ्या वर्षी सबनीस काकांच्या घरी वरच्या खोलीत राहायला गेले. काका युनिव्हर्सिटीतून सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. दारातून कोण आलं ते त्यांना कळायचं, पण त्याचा चेहरा दिसायचा नाही, आणि अक्षर तर नाहीच नाही. काकूंना इंग्रजी वाचायला यायचं, पण सरकारी पत्र, औषधाची चिठ्ठी, बँकेचा कागद हातात आला की त्यांना घाम फुटायचा. तेव्हा ठरलं असं की वरची खोली माझी आणि वाचायचं काम माझं. रोज संध्याकाळी कॅम्पसच्या बसमधून उतरून आले की आधी टेबलावरचं टपाल फोडायचं, मग चहा. त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. हीटरच्या पाइपांत कुणीतरी हातोडी मारल्यासारखं व्हायचं, काकूंचा कुकर शिट्टी न देता नुसताच फुसफुसायचा, आणि तळघरातून काकांचं एखादं यंत्र घरघरत सुरू व्हायचं आणि दोन मिनिटांत दमून बसायचं.

तळघरात अशी अकरा यंत्रं होती. अमेरिकेत सगळ्यालाच फोनोग्राफ म्हणतात, काकूंच्या लेखी ते सगळे भोंगे. "एका भोंग्याने भागत नाही माणसाचं," त्या म्हणायच्या, "अकरा लागतात." काकांना आता ती नीट दिसत नव्हती म्हणून ते मला बघायला लावत आणि मी बघितलेलं ऐकत. हा त्यांचा आवडता उद्योग होता आणि खरं सांगायचं तर हळूहळू माझाही झाला. लॅबमध्ये दिवसभर भट्टीचं तापमान लिहून डोकं उठलेलं असायचं, आणि इथे एक म्हातारा माणूस अंधाऱ्या तळघरात स्टुलावर बसून विचारायचा, "हं, कर्णा कुठे टेकलाय?" मी म्हणायचे, "पुढे, लाकडाच्या हातावर. थेट साउंड बॉक्सलाच, त्या सुईच्या डबीलाच जोडलाय." "म्हणजे जुना घाट. नंतर काय केलं त्यांनी, कर्ण्याचं वजन सुईवरून काढून मागे नेलं. साउंड बॉक्सची चकती कसली आहे?" "अभ्रकाची वाटते." "वाटते म्हणू नकोस, नखाने हळूच वाजवून बघ. गेस नको, ऑब्झर्व्ह कर." मग स्क्रूची खाच, मोटरचा आवाज, चावीच्या दांड्याची मूठ. सगळ्यात शेवटी पेटीच्या बाजूला ठोकलेली पितळी पट्टी. तिच्यावर पेटंटच्या तारखा ओळीने उठावात असत. "वरच्या तारखांना भुलायचं नाही," काका म्हणायचे. "शेवटची तारीख खरी. यंत्र तिच्या आधीचं असूच शकत नाही." एक नियम मात्र पहिल्याच दिवशी बजावून सांगितला होता, की काही पुसायचं नाही. धूळ फुंकायची, बस्स. जुना काळपटपणा म्हणजेच यंत्राचा जन्मदाखला, तो एकदा गेला की गेला.

या अकरांत काकांचा जीव एकात होता. नवीन नवीन तिथे आल्यावर कुणा शेतकऱ्याच्या घरच्या लिलावात त्यांनी ते घेतलं होतं. गहू कापायच्या यंत्राच्या मागे कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी ते पडलेलं होतं आणि काकांशिवाय कुणी हातच वर केला नाही. लिलावाची नंबराची चिठ्ठी कुणीतरी त्या पितळी पट्टीवरच खालच्या बाजूला चिकटवली होती. आठवण म्हणून काकांनी ती चाळीस वर्षं तशीच ठेवली. चिठ्ठीच्या वर चार ओळी दिसायच्या, आणि चौथ्या ओळीतल्या तारखेवरून, कर्ण्याच्या घाटावरून, अभ्रकावरून काकांनी ठरवलं होतं की स्टेट कॉलेजच्या खोऱ्यात आलेल्या तबकडीच्या यंत्रांत हे सगळ्यात जुनं. रविवारी जेवायला येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही कथा वरणभाताबरोबर वाढली जायची. स्वाती म्हणायची, "काका, मले पाठ झाली यार आता. पुढल्या वेळी मीच सांगतो." आणि काका खूश होऊन हसायचे.

त्या शरदात मात्र घरात हसू कमी झालं होतं. काकांच्या मुलाने, अमितने, इकडे रेडमंडला नोकरी धरली होती आणि काका-काकूंनी डिसेंबरात त्याच्याकडे यायचं नक्की झालं होतं. अमितचं अपार्टमेंट दोन खोल्यांचं. "बाबा, भोंगे कॅन्सल. एकही नाही," त्याने फोनवर सांगून टाकलं. काकांनी वाद घातला नाही. दहा यंत्रं त्यांनी एकेक करून जाऊ दिली. लोक आले, घेऊन गेले, काका दारात उभे राहून हात हलवत राहिले. अकराव्यासाठी मात्र त्यांनी गावातल्या छोट्या इतिहास म्युझियमला मला पत्र लिहायला लावलं. तिथल्या कॅरन नावाच्या बाईंनी प्रेमाने उत्तर दिलं, पण अट स्पष्ट होती. त्याच बनावटीचं एक यंत्र त्यांच्याकडे आधीच होतं, त्याच्या पट्टीवरची शेवटची तारीखही त्यांनी कळवली होती. सबनीसांचं त्याच्याहून जुनं ठरलं तर ते कायमचं काचेच्या कपाटात जाईल, खाली काकांचं नाव लागेल. नाही ठरलं तर जागा नाही. काका त्या आठवड्यात मला दोनदा म्हणाले, "चाळीस वर्षं राहिलो गं इथे. एवढी एक वस्तू राहिली तर बरं." इतकं उघड मागणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

कॅरन सोमवारी येणार होत्या आणि शनिवारी दसरा होता. काकूंचा दसरा म्हणजे घरात खिळेसुद्धा आंघोळ करून बसायचे. काकांचे स्क्रूड्रायव्हर, माझा लॅबचा कॅलिपर, मिक्सर, गाडी, सगळ्यांना हळदकुंकू. आपट्याऐवजी मागच्या अंगणातल्या रेडबडच्या झाडाची बदामी पानं, ती ऑक्टोबरात पिवळी झालेली असत, त्यामुळे सोनं म्हणायला फारशी कल्पना लढवावी लागत नसे. पुरणाचा वास सकाळपासून घरभर होता. फोनोग्राफ वर आणून बैठकीत ठेवला होता. काका शेजाऱ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते, आणि काकू पुरण वाटता वाटता त्या भोंग्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, सोमवारी बाई यायच्यात, आज त्याची पूजा, आणि हे असं काळंमिट्ट ठेवायचं? डाळ भिजवताना चिंचही भिजवलीय मी. जरा हात मार."

मला नियम माहीत होता. हे मला लिहिलंच पाहिजे, कारण पुढे कितीदा तरी मी स्वतःला सांगून बघितलं की मला कुठे कळत होतं. मला चांगलं कळत होतं. पण सांगलीला आमच्या घरी दसऱ्याच्या आदल्या दिवशी तांब्यापितळेचा ढीग माझ्यापुढे असायचा आणि आई म्हणायची की शैलाच्या हाताला चमक आहे. दोन वर्षं मी तसलं काही केलं नव्हतं. चिंचेचा कोळ हाताला लागला, त्यात मीठ घातलं आणि हात आपोआप चालू लागले. कर्ण्याच्या तोंडाचं पितळ आधी गुलाबी झालं, मग पिवळं, मग त्यात माझा चेहरा दिसायला लागला. मला इतका आनंद झाला की मी थांबलेच नाही. पेटीवर ओलं फडकं फिरवलं, तशी कोपऱ्यातली कंपनीची सोनेरी छापाची खूण फडक्यावर आली. तेव्हा थांबायला हवं होतं. मी पट्टीला हात घातला. लिलावाची चिठ्ठी कोळात भिजून लगदा झाली, बोटाबरोबर निघून आली, आणि तिच्याखाली पाचवी ओळ होती. स्वच्छ, उठावातली, कोपरान्‌कोपरा शाबूत. तिच्यातली तारीख चौथ्या ओळीच्या पाच वर्षं पुढची होती.

मी तिथेच फरशीवर बसले. काकांनीच शिकवल्यामुळे मला हिशेब लावायला वेळ लागला नाही. घाट जुना, पण बनावट उशिराची. तसल्या जुन्या घाटाची स्वस्त यंत्रं नवीन घाट आल्यावरही बरीच वर्षं निघत राहिली होती. म्युझियमचं यंत्र याच्याहून जुनं होतं. काकू आतून ओरडल्या, "झालं का गं?" आणि बाहेर येऊन टाळ्याच वाजवल्या. "बघा तरी! देवघरात ठेवावं असं केलंय पोरीने." लगदा मी कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि वर केळीचं साल टाकलं.

काका आले तेव्हा दारातच थबकले. कडेच्या नजरेला पिवळं काहीतरी चमकलं असणार, पण आधी त्यांनी नाक वर केलं. "चिंच?" त्यांनी विचारलं. काकूंनी कौतुकाने सगळं सांगितलं. काका यंत्रापाशी गेले, कर्ण्याच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं, आणि हात मागे घेतला. मग त्यांनी पाटावर बसून नेहमीसारखी पूजा केली, भोंग्याला फूल वाहिलं, मला सोनं दिलं, मी वाकले तेव्हा डोक्यावर हात ठेवला. जेवताना फक्त एवढंच म्हणाले, "त्या कर्ण्याला मूळचा लाखेचा हात दिलेला होता, शैला." एवढंच. ते रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते आणि त्याच भरात पाचव्या ओळीचंही सांगून टाकलं असतं, असं मला अजून वाटतं. पण हे सगळं मागाहून सुचलेलं. रविवार अख्खा माझ्या हातात होता आणि मी तो लॅबमध्ये जाऊन घालवला.

सोमवारी कॅरन आल्या. गोऱ्या, किडकिडीत, गळ्यात चष्म्याची साखळी, बोलायला मऊ. चमचमता कर्णा बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते काकांना दिसलं नाही, मला दिसलं. "हा कर्णा मूळचाच आहे ना? हल्ली बाहेरून नवीन बनवलेले फार येतात," त्यांनी जपून विचारलं. बाहेरून म्हणजे कुठून ते त्या म्हणाल्या नाहीत, आमच्या घरात बसून म्हणता येण्यासारखं नव्हतं. काका शांतपणे म्हणाले, "तुमचा संशय रास्त आहे. घरात पूजा होती, त्यासाठी साफ केलाय. आपण बाकीच्या गोष्टींवरून बघू." आणि मग पाऊण तास त्यांनी जे केलं ते मी पुन्हा कधी बघितलं नाही. दिसत नसलेला माणूस बोटांनी एकेक भाग चाचपत होता, मी दिसेल ते सांगत होते, आणि कॅरन टेबलाशी मान खाली घालून फॉर्मवर लिहीत होत्या. कर्ण्याच्या आतल्या सांध्यावरची जुनी झाळ, अभ्रकाची चकती, आडव्या खाचेचे स्क्रू, पेटीच्या तळाचं कधीच पॉलिश न केलेलं लाकूड. कॅरनचा चेहरा हळूहळू खुलत गेला. "हा नक्कीच अस्सल आहे," त्या म्हणाल्या. "आता तारखा."

"शैला वाचेल," काका म्हणाले.

मी पट्टीपाशी गुडघ्यांवर बसले. पहिली ओळ वाचली, दुसरी, तिसरी, चौथी. आणि थांबले. कॅरन लिहीत होत्या. बैठकीत घड्याळ होतं, ते बंद होतं, त्यामुळे काहीच आवाज नव्हता. मी काकांसाठी थांबले की स्वतःसाठी, हे मी इतक्या वर्षांत स्वतःला हजारदा विचारलंय. शनिवारचं पाप याने फिटेल असं मला वाटलं होतं हे खरं. आणि काचेच्या कपाटाखाली त्यांचं नाव मला हवं होतं, हेही खरं.

काकांनी मराठीत विचारलं, "शैला, ओळी किती आहेत?"

कॅरनना कळू नये म्हणून त्यांनी मराठीत विचारलं होतं. ती माझ्यासाठी ठेवलेली वाट होती आणि मला त्या क्षणी ते कळलं नाही. मी म्हटलं, "चार, काका."

काका उठून आले. माझ्या शेजारी त्यांनी एक गुडघा टेकवला, उजव्या हाताचा अंगठा पट्टीवर ठेवला आणि वरून खाली आणला. जिथे चाळीस वर्षं कागद लागायचा तिथे तो क्षणभर अडखळला. मग पुढे गेला, आणि शेवटच्या ओळीवर थांबला.

"पाच आहेत," ते म्हणाले. "वाच."

मी वाचली. मराठीत, हळू आवाजात, तेव्हा त्यांनी पुन्हा वाचायला लावली, या वेळी इंग्रजीत, मोठ्याने. मग ते कॅरनकडे वळून म्हणाले, "लिहून घ्या. ही आजवर चिठ्ठीखाली होती. हिच्यामुळे माझा अंदाज चुकीचा ठरतो." कॅरन म्हणाल्या की त्यांना समितीशी बोलावं लागेल, पण काय होणार ते तिघांनाही माहीत होतं. काकूंनी त्यांना पुरणपोळ्या बांधून दिल्या.

काकांनी ती चिठ्ठी कधीच का उचलली नाही, हाही प्रश्न मला पुढे पडला. एवढा चिकित्सक माणूस, दुसऱ्यांच्या यंत्रांचे तळ उलटून बघणारा. कदाचित त्यांनाही बघायचं नसेल. आता त्यांच्या वयाच्या जवळ पोचल्यावर मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण वेळ आली तेव्हा त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने ती ओळ शोधली, आणि मी डोळे असून लपवली. मला ते फार लागलं. अजून लागतं.

काका त्यानंतर माझ्याशी एका शब्दानेही वाकडं बोलले नाहीत. थंडी सुरू झाली तसं त्यांनी स्वतःची जुनी लोकरी टोपी मला दिली, बस चुकली तर शेजाऱ्याला गाडी काढायला लावली. म्युझियमचं पत्र पुढच्या आठवड्यात बुधवारी आलं. मी नेहमीप्रमाणे आल्याबरोबर टेबलापाशी गेले, तर पाकीट काकांच्या हाताखाली होतं. ते चहा पीत होते. काकू म्हणाल्या, "अहो, शैला आली. वाचून घ्या की." काका म्हणाले, "असू दे. रविवारी स्वाती येतेय."

गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी ते पाकीट फोडलं गेलं नाही. दुसरं टपालही त्याच्यावर साठत गेलं. रविवारी स्वाती आली, मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. "स्वाती, हे जरा वाचून दाखव गं," काकांचा आवाज आला. "मी?" स्वाती म्हणाली. "शैला आहे ना काका, तिकडं पोळ्या करून राहिली." "तिला करू दे. तू वाच." मग तिने तिच्या त्या खणखणीत आवाजात पाकिटावरच्या पत्त्यापासून सुरुवात केली आणि खालच्या सहीपर्यंत एकेक शब्द वाचला. आपले आभारी आहोत, पण. काका मध्ये हुंकार देत होते. संपल्यावर त्यांनी तिला विचारलं, "झालं? खाली आणखी काही नाही ना?" "नाही काका, एवढंच हाय." "बरं," ते म्हणाले, आणि लगेच मला हाक मारली. "शैला, चल गं जेवायला, तूही दमली असशील." आवाजात तीच माया होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या घरात मी आणखी सात आठवडे राहिले. या सात आठवड्यांत त्यांनी मला एक अक्षरही वाचायला सांगितलं नाही.